बागेतलं दगडी कारंजं, सिमेंटचा पुतळा, संगमरवरी अर्धपुतळा आणि शेंदरी मारुती : दुरुस्ती कशी करावी?

पारावरचा
तालुक्याच्या गावातली नगरपालिकेची जुनी बाग. नूतनीकरणाचं अंदाजपत्रक तयार आहे आणि ते वाचून धास्ती बसली म्हणून हा धागा.

बागेत चार गोष्टी आहेत. मधोमध काळ्या पाषाणाचं अष्टकोनी कारंजं, चार बाजूंना चार गोमुखं. एका गोमुखाचा खालचा ओठ तुटलाय, सांध्यांत कधीतरी सिमेंट भरलंय आणि कुंडावर पांढरे थर आहेत. दुसरा, नांगर धरलेल्या शेतकऱ्याचा माणसाएवढा सिमेंटचा पुतळा, साधारण १९६० च्या आसपासचा. उजव्या दंडाला उभा तडा, त्यातून गंजाचा ओघळ. तिसरा संगमरवरी अर्धपुतळा, त्याला दर जयंतीला पांढरा ऑइलपेंट मारतात. चौथा कोपऱ्यातल्या घुमटीतला मारुती. रोज पूजा, शनिवारी तेल, शेंदराची जाड खोळ, आणि ती खालून सुटायला लागलीय.

अंदाजपत्रकात लिहिलंय : सर्व शिल्पांना सँडब्लास्टिंग, ऍसिड वॉश, सांधे सिमेंटने भरणे, वर 'स्टोन फिनिश' रंग, चौथऱ्यांना ग्रॅनाइट, मारुतीला वज्रलेप. हरकत नेमकी कशावर घ्यायची आणि त्याऐवजी काय सुचवायचं?

टाकीचा_घाव
सँडब्लास्टिंग, ऍसिड, सिमेंट आणि ग्रॅनाइट, चारही काढून टाका. पण त्याआधी अंदाजपत्रकात जे मुळी नाहीच ते घाला : पाणी कुठून येतं याची पाहणी. बागेतलं दगडकाम तीन वाटांनी येणाऱ्या पाण्यानं मरतं. हिरवळीचे फवारे, चौथऱ्याखालची ओल आणि कारंज्याचं स्वतःचं पाणी.

फवाऱ्यांची तोंडं अशी फिरवा की एकही थेंब शिल्पावर पडता कामा नये. बोअरचं जड पाणी रोज उडत असेल तर वर्षाला दोनदा साफ करूनही पांढरा थर परत येणारच. दुसरं, दरवर्षी माती आणि खत टाकून बागेची पातळी चढते आणि चौथऱ्याची खालची पायरी गाडली जाते. चौथऱ्याभोवती ३० सेंमी रुंद आणि ४५ सेंमी खोल चर घ्या, तळाला बाहेरच्या बाजूला उतार ठेवा, त्यात ४० मिमीची धुतलेली खडी भरा. त्या पट्ट्यात ना हिरवळ ना कुंड्या. याचा दुसरा फायदा म्हणजे गवत कापायचं यंत्र चौथऱ्याच्या कडांना लागत नाही. खालच्या कोपऱ्यांचे जे टवके उडालेले दिसतात ते बहुतेक त्या यंत्राचेच असतात.

ग्रॅनाइटचं आवरण का नको? चौथऱ्यातली ओल आज चारी अंगांनी सुकते. बाहेरून चकचकीत फरशी सिमेंटात बसवली की तीच ओल वर चढते आणि थेट पुतळ्याच्या तळात शिरते.

आता काळा पाषाण. घट्ट बेसॉल्ट कठीण असतो म्हणून 'त्याला काय होतंय' असं म्हणतात. त्याच्या पृष्ठभागावर जुन्या पाथरवटाच्या टाकीच्या रेघा असतात, तीच त्या कामाची सही. वाळूचा मारा पहिल्या मिनिटात त्या रेघा पुसतो आणि दगडातली जिओलाइट या पांढऱ्या खनिजानं भरलेली भोकं उघडी पाडतो. मग तिथे पाणी आणि शेवाळ जास्त धरतं. सँडब्लास्ट केलेलं कारंजं पुढच्या पावसाळ्यानंतर आधीपेक्षा हिरवं दिसतं ते यामुळे.

दगडात तडे आहेत का ते बघायची सोपी रीत : पूर्ण भिजवा आणि सुकताना बघत बसा. बाकीचा दगड पांढुरका झाला तरी तड्याची रेघ काळी राहते. तिथे खडूनं खूण करा. मग लहान हातोडीनं हलकं वाजवा. खणखणीत आवाज आला तर दगड सलग, बद्द आला तर आत पापुद्रा सुटलाय.

चुनाभट्टी
वरच्या सगळ्याला अनुमोदन. सफाई आणि सांध्यांचं मी लिहितो.

शेवाळ आणि दगडफूल : आधी कोरडं खरवडू नका, दगडफुलाची मुळं दगडाचे कण घेऊन निघतात. बेंझाल्कोनियम क्लोराइड या जंतुनाशकाचं २ ते ३ टक्के द्रावण ब्रशनं लावा, दोन-तीन आठवडे तसंच सोडा, मेलेलं पिवळं पडलं की नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी. तारेचा ब्रश कधीच नाही. त्याचे तुटलेले बारीक तुकडे दगडात अडकतात आणि पुढे तांबूस ठिपके उठतात. माळी लोक कुंडात ब्लीचिंग पावडर टाकतात, ती बंद करायला सांगा. क्लोराइड दगडात मुरतं. मोरचूदही नको.

पांढरा थर : हा दोन प्रकारचा असतो. सिमेंटच्या सांध्यांतून ओघळलेला चुना आणि बोअरच्या पाण्याचा क्षार. जाड असेल तर धारदार पात्यानं, हातानं, पातळ करत आणा. शेवटचा पापुद्रा राहिला की कागदाच्या लगद्यात अमोनियम बायकार्बोनेट आणि ईडीटीए (चुन्याचा थर सोडवणारं रसायन) घालून केलेला लेप काही तास, मग भरपूर पाण्यानं धुवा. हा लेप बेसॉल्टसाठीच. संगमरवराला चुकूनही लावू नका, तो थरासकट संगमरवरही खातो. म्युरिअॅटिक ऍसिडनं थर पाच मिनिटांत जातो हे खरं आहे, पण दगडातलं लोह सुटून पिवळे-तांबडे डाग येतात आणि क्षार आत राहतात.

क्षार काढणं : कोरडा दगड पिठासारखा भुरभुरत असेल तर साफसफाई पुरेशी नाही. कागदाचा लगदा डिस्टिल्ड पाण्यात भिजवून दीड-दोन सेंमी जाड थापा आणि पूर्ण सुकू द्या. मध्ये ओला करू नका. सुकतानाच तो क्षार ओढतो. काढलेल्या लगद्यातला १० ग्रॅम १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात ढवळा आणि फिल्टरवाल्याकडे असतो तो टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवा. दरवेळी आकडा लिहा. सलग तीन फेऱ्यांत आकडा फारसा उतरला नाही की थांबा. कोऱ्या लगद्याचा आकडाही आधी घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

सांधे : सिमेंट ग्राइंडरनं काढू देऊ नका. चाक सांध्याबाहेर जातं आणि दगडाच्या कडा कायमच्या जातात. सांध्याच्या मधोमध ४ मिमीची भोकं ओळीनं पाडायची आणि अरुंद छिन्नीनं आतल्या बाजूला मोकळं करत जायचं. खोली रुंदीच्या दुप्पट, किमान २५ मिमी. भरायला जलीय चुना, म्हणजे पाण्यातही घट्ट होणारा, बाजारात एनएचएल ३.५ म्हणतात तो, १ भाग आणि वाळू अडीच भाग. त्या वाळूत अर्धा भाग काळ्या दगडाची चाळलेली कच घाला म्हणजे रंग जुळतो. सतत पाण्याखाली राहणाऱ्या तळाच्या सांध्यांना एनएचएल ५. तो मिळत नसेल तर मळलेला जुना चुना १, कमी भाजलेल्या विटेची सुरखी (भुकटी) १, वाळू दीड. भट्टीत करपलेल्या विटेची सुरखी नुसती भर होते, चुन्याशी धरत नाही.

सांधा भरण्याआधी भिजवा, भरल्यावर तागाची ओली पोती १० ते १४ दिवस. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मार्च अखेरीस बिल काढायचं म्हणून एप्रिलच्या उन्हात केलेले चुन्याचे सांधे केसाएवढ्या भेगा घेऊन सुकतात, आणि मग 'चुना टिकत नाही, सिमेंटच बरं' असा शेरा पडतो.

पारावरचा
चुनाभट्टी, टीडीएस मीटरची युक्ती मस्त. तुटलेल्या गोमुखाचं काय? एक गट म्हणतो तुटकं राहू द्या, जुनं आहे. दुसरा म्हणतो चारही नवी बसवा.

टाकीचा_घाव
चार नवी बसवणं म्हणजे तीन चांगली फेकणं. पण तुटकंही ठेवू नका. गोमुखाचा ओठ शोभेचा नसतो. पाणी भिंतीपासून दूर टाकायचं काम त्याचं. ओठ गेला की धार मागे वळते, भिंतीवरून ओघळते आणि त्या बाजूचे सांधे धुऊन निघतात. तुमचे पांढरे थर त्याच बाजूला जास्त असणार, बघून सांगा.

बाकी तीन गोमुखांवरून माप घ्या. साचा घेताना सिलिकॉन रबर थेट दगडावर ओतू नका, त्यातलं तेल मुरून काळपट डाग राहतो. आधी पातळ प्लॅस्टिक किंवा अॅसिटोनमध्ये ५ टक्के पॅरालॉइड बी-७२ (परत काढता येणारं अॅक्रिलिक राळ) चा अडसर द्या. नव्या ओठाला त्याच जातीचा, कमी भोकांचा पाषाण निवडा. २० × १५ × १२ सेंमीचा तुकडा म्हणजे ३.६ लिटर, वजन साडेदहा किलोच्या आसपास. हे वजन नुसत्या चिकटीवर सोडायचं नाही.

तुटलेली बाजू सपाट करायच्या फंदात पडू नका. जुन्या दगडाला शक्य तेवढा हात लावायचा नाही, नवा तुकडा जुन्याच्या खाचाखोचांप्रमाणे घडवायचा. ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या ८ मिमी आट्यांच्या दोन सळ्या, भोक १० मिमी, दोन्हीकडे ६० मिमी खोल, एकमेकींना किंचित तिरक्या. भोकातली भुकटी हवेनं फुंकून पूर्ण काढा. जोड निखळण्याचं नेहमीचं कारण हीच राहिलेली भुकटी. एपॉक्सी फक्त सळीभोवती. बाहेरचे १० मिमी मोकळे ठेवून चुन्यानं भरा, म्हणजे उन्हात पिवळं पडणारं काही दिसणार नाही आणि उद्या जोड सोडवायची वेळ आली तर सुटेल.

साधी लोखंडी सळी अजिबात नको. गंज मूळ लोखंडापेक्षा कैक पट जागा मागतो आणि दगड आतून फाडतो. अथेन्सच्या पार्थेनन मंदिरावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या दुरुस्तीतल्या लोखंडी पट्ट्यांनी संगमरवर असाच फोडला. पुढे त्या काढून टायटेनियम घालावं लागलं.

नव्या तुकड्यावर टाकीकाम जुन्यासारखंच करा, पण मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला वर्ष कोरा.

अवांतर : मुंबईला गेलात तर राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा घारापुरीचा दगडी हत्ती बघा. १८६४ मध्ये हलवताना तुटला, १९१४ मध्ये तुकडे जोडून उभा केला. जोड लपलेले नाहीत, तरी हत्ती हत्तीच दिसतो.

ओतशाळा
सिमेंटच्या शेतकऱ्याकडे कोणाचं लक्ष नाही म्हणून मी लिहितो. चौघांत तातडीचा तोच आहे, कारण दंड पडला तर माणसावर पडेल. आज दोरी बांधून भोवती आडोसा करा.

त्या काळातले पुतळे बहुधा ६ ते ८ मिमीच्या सळ्या, कोंबडीजाळी आणि आत विटांची भर असे असतात. सळीवर सिमेंट कधी कधी जेमतेम १० मिमी. हवेतला कार्बन डायऑक्साइड तेवढं अंतर कापतो, सिमेंटचा अल्कलीपणा जातो आणि सळी गंजायला मोकळी होते. तपासणी : तड्याजवळचा ताजा फुटलेला भाग घ्या, त्यावर फिनॉल्फ्थेलीनचं १ टक्का द्रावण टाका. गुलाबी झालं तर सिमेंट अजून सळीला राखतंय, रंगहीन राहिलं तर नाही. चार-पाच जागी बघा, पाय विसरू नका.

दुरुस्ती : बद्द वाजणारं सगळं काढा आणि सळीच्या मागे २० मिमी मोकळं करा. नुसता दर्शनी भाग काढून वर लिंपण केलं तर मागचा गंज दोन पावसाळ्यांत नवं लिंपण ढकलून देतो. सळी लखलखीत घासा. जाडी चौथ्या हिश्शाहून जास्त गेली असेल तर शेजारी स्टेनलेसची सळी बांधा. त्याच दिवशी जस्तयुक्त प्रायमर, मग पॉलिमर घातलेला मसाला, एका थराला १० ते १५ मिमी. जास्त जाड थर स्वतःच्या वजनानं लोंबतो.

आतली पोकळी काँक्रीटनं भरायचा मोह टाळा. पुतळा भक्कम होत नाही, वजन वाढतं आणि घोट्याशी तडकतो. उलट टाचेपाशी मागून १२ मिमीचं भोक पाडून बारीक स्टेनलेस जाळी लावा. वरच्या तड्यांतून शिरलेलं पाणी अनेकदा आत साठून बसलेलं असतं.

रंगच द्यायचा असेल तर जुना ऑइलपेंट पूर्ण उतरवून सिलिकेट रंग. ऑइलपेंटवर तो धरत नाही.

आणि नाक, बोटं झिजली असतील तर जुना फोटो मिळेपर्यंत हात लावू नका. आठवणीवर घडवलेला चेहरा दुसऱ्याच माणसाचा होतो.

चुनाभट्टी
संगमरवरी अर्धपुतळा थोडक्यात. ऑइलपेंटखाली ओल अडकते आणि संगमरवर साखरेसारखा भुरभुरतो. काळं सुती कापड हळूच फिरवा. पांढरे कण लागले तर आधी दगड धरून ठेवायचे उपाय, रंग नंतर. कण लागत नसतील तर जेलसारखा सॉल्व्हंटचा रंगकाढू मानेमागे १० × १० सेंमीच्या चौकोनात लावून बघा, प्लॅस्टिकच्या पातीनं उचला. कॉस्टिक सोड्याचे रंगकाढू नकोत, त्यांचे क्षार मागे राहतात. रंग निघाल्यावर दगड पिवळट दिसेल. तो तसाच असतो. पांढराशुभ्र करायला ऍसिड लावलं की चेहऱ्याची धार गेलीच.

मुंबईचं फ्लोरा फाउंटन हेच उदाहरण आहे. १८६४ चं, पोर्टलंड या इंग्लिश चुनखडीच्या दगडाचं काम, आणि त्यावर रंगाचे हात चढत गेले. तो रंग उतरवल्यावर कपड्यांच्या चुण्या परत दिसू लागल्या. २०१९ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. समितीपुढे त्याचे आधीचे-नंतरचे फोटो ठेवा, भाषणापेक्षा लवकर पटेल.

कळसपाणी
मारुतीबद्दल. वरचे तिघे 'शक्य तेवढा हात लावू नका' म्हणतात ते बागेतल्या शिल्पाला बरोबर. पूजेतल्या मूर्तीला तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही. खंडित अंग ठेवून नित्यपूजा चालवायला गाव तयार होत नाही, आणि जुनी मूर्ती विसर्जित करून नवी आणा हा सल्ला देणारे लगेच भेटतात. त्या दोन टोकांमधला रस्ता काढावा लागतो.

पहिलं, गुरुजींशी बोलून कलाकर्षण विधी. तत्त्व कलशात घेतलं की मूर्तीला हत्यार लावायला कोणाची हरकत राहत नाही आणि पूजा कलशाची चालू राहते. एक व्यवहाराची गोष्ट : मुहूर्त कामाचे दिवस मोजून झाल्यावर काढा. 'तीन दिवसांनी पुनःप्रतिष्ठा' असं आधी छापून बसलात तर ओल्या मूर्तीवर लेप चढवावा लागतो, आणि तो सुटतो.

दुसरं, खोळ का सुटते? शेंदूर आणि तेलाचे थर दगडाला धरून असतात तोवर ठीक. मागून ओल आली की पहिला थर सुटतो आणि वरचं सगळं वजन घेऊन सरकतं. म्हणून घुमटीचं छत, मागची भिंत आणि तीर्थाची मोरी आधी दुरुस्त करा. घुमटीवर पिंपळाचं रोप असेल तर उपटू नका, मुळं चिरा ओढून आणतात. बुंध्याशी कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा, मुळं मेल्यावर फट चुन्यानं भरा.

खोळ काढायची ठरलीच तर : खरा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, विषारी. म्हणून उष्ण हवेची बंदूक नाही, कोरडं घासणं नाही. मास्क, हातमोजे, लाकडी पाचरी, पाण्याची हलकी फवारणी. आधी एका बाजूला पायऱ्या-पायऱ्यांनी छोटी खिडकी उघडा, किती थर आहेत ते दिसतं. जुन्या थरांत चांदीचे डोळे, कधी आधीचं अंग सापडतं. दर टप्प्याला फोटो आणि पंचनामा. निघालेला शेंदूर नदीत सोडू नका. बंद डब्यात भरून घातक कचरा म्हणून द्या. वणीच्या सप्तशृंगीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर २०२२ मध्ये काढल्यावर मूळ रूप दिसलं, तेव्हापासून प्रत्येक गावाला खोळ काढायची घाई झालीय. खालची मूर्ती तेवढीच रेखीव असेल असं नाही. बहुतेक गावमारुती उठावाचे, ढोबळ असतात. खालचं नाक पुसट निघालं म्हणून 'थोडं उठवून द्या' असं मूर्तिकाराला सांगितलं तर जुनी मूर्ती संपली.

ओतशाळा
कळसपाणी, एवढी जोखीम असताना खोळ काढायचीच कशाला? कडा चिकटवून ठेवली तर?

कळसपाणी
वरून घट्ट असेल तर तेच करावं. पण पारावरचा म्हणतात ती खालून सुटलीय. वाजवून बघा. पायापुरतीच पोकळ असेल तर तेवढाच सुटा भाग काढायचा, कडा चुना आणि दगडाच्या भुकटीनं उतरती करायची. छातीपर्यंत पोकळ असेल तर ती एके दिवशी सबंध उतरेल आणि दगडाचा पापुद्रा सोबत नेईल.

आता वज्रलेप. वराहमिहिराच्या बृहत्संहिता या जुन्या ग्रंथात वज्रलेपाची कृती आहे : कच्ची टेंभुर्णीची आणि कवठाची फळं, सावरीची फुलं वगैरे द्रोणभर पाण्यात अष्टमांश उरेपर्यंत उकळायची, त्यात गुग्गुळ, राळ, बेल, जवस असे पदार्थ, आणि लेप गरम लावायचा. ठेकेदार ज्याला वज्रलेप म्हणतो ते बहुधा एपॉक्सी असतं. तो हवा-ओल अडवतो, पिवळा पडतो, आणि सुटताना दगडाची त्वचा घेऊन सुटतो. त्यामुळे अंदाजपत्रकात 'वज्रलेप' हा शब्द चालवून घेऊ नका. पदार्थाचं नाव, प्रमाण आणि परत काढण्याची रीत लिहून मागा.

लेप कुठलाही असो, पुढचं पथ्य त्याहून महत्त्वाचं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये आणि पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींवर २०२० मध्ये पुरातत्त्व खात्यानं संवर्धन केलं. पण रोजचे द्रव थांबत नाहीत तोवर कुठलंही संवर्धन काही वर्षांचंच. दह्याचं आम्ल, मधसाखरेवर वाढणारी बुरशी आणि तुपाचा चिकट थर, तिन्ही मिळून लेप उचलतात. पंचामृत पितळी उत्सवमूर्तीला, शनिवारचं तेल पायाशी ठेवलेल्या दगडी पादुकांवर, मूळ मूर्तीला फुलं आणि गंध. पुसायला साधं पाणी आणि मलमल; लिंबू, चिंच, पितांबरी नाही.

नवी मूर्ती करायचा ठराव आलाच तर मापाची जुनी रीत सांगून ठेवतो. दाराच्या उंचीतून आठवा भाग वजा करा. उरलेल्याचा एक तृतीयांश पीठ (मूर्तीखालची बैठक), दोन तृतीयांश मूर्ती. सात फुटांच्या दाराला पीठ दोन फूट, मूर्ती चार फुटांच्या जरा वर. घुमटीचं दार चार फूट असेल तर मूर्ती सव्वादोन-अडीच फुटांच्या पुढे जात नाही. कॅटलॉगमधला पाच फुटी मारुती तिथे बसणारच नाही, हे एक गणित सभेत पुरतं.

पारावरचा
कारंज्याची ती बाजू बघून आलो. टाकीचा_घाव यांचं बरोबर आहे, तुटक्या गोमुखाखालीच सर्वात जाड थर. आणि मारुती गुडघ्यापर्यंत पोकळ वाजतो, वर घट्ट. निविदेत काय शब्द घालावेत?

टाकीचा_घाव
म्हणजे मारुतीची खोळ गुडघ्याच्या वर कोणालाही उघडू देऊ नका.

निविदेत चौरस फुटाचा दर ठेवू नका. क्षेत्रफळावर पैसे मिळाले की ठेकेदार जास्त घासतो. प्रत्येक वस्तूची वेगळी बाब करा. आधी प्रत्येक वस्तूवर तीन नमुना चौकोन, ते सुकल्यावर पंधरा दिवसांनी मंजुरी, मगच पुढचं काम. ग्राइंडर, तारेचा ब्रश, वाळूचा मारा आणि ऍसिड यांना नाव घेऊन मनाई. वापरलेल्या प्रत्येक पदार्थाची रिकामी पिशवी आणि पावती नगरपालिकेत जमा. एक संपूर्ण पावसाळा उलटेपर्यंत अनामत रोखून ठेवा.

कळसपाणी
कागदपत्रांचं : घुमटी नगरपालिकेची की न्यासाची ते उताऱ्यावर बघा. न्यासाची असेल तर नगरपालिकेला परस्पर ठेका देता येत नाही. विश्वस्तांचा ठराव लागेल, आणि धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते का तेही विचारून घ्या. मूर्ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, तेव्हा 'जुनी मूर्ती ठेकेदाराने घेऊन जावी' असलं वाक्य कुठे सापडलं तर आधी ते खोडा. आणि महापुरुषाचा अर्धपुतळा बदलून नवा बसवायचं निघालं तर मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. तेवढ्यात निदान या वर्षीचा रंगाचा हात तरी टळेल.

चुनाभट्टी
एक राहिलं. कारंजं परत सुरू करताना बोअरचं पाणी नको. छतावरचं पावसाचं पाणी साठवा, जमत नसेल तर नळाचं, आणि पंपानं तेच फिरवा. उडून गेलेल्या पाण्याची भर घालत राहिलात तर क्षार साठत जातात, म्हणून कुंड महिन्यातून एकदा पूर्ण रिकामं करून भरायचं. हे माळ्याच्या कामाच्या यादीत लिहून घ्या. टीडीएस मीटर त्याच्याकडेच द्या.